एकच निरोप, चार भाषा: भाषांची तुलना कशी करतात आणि त्यात मराठवाड्याचं काय काम

तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूरच्या बाजारात कान उघडे ठेवून फिरलं तर एकच निरोप वेगवेगळ्या भाषांत ऐकू येतो. मराठीत 'येतो मनून सांगितला'. तेलुगूत 'वस्ता अनि चेप्पिंडु'. दखनीत 'आतूँ बोलके बोला'. तिथून खाली उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारं कुणी भेटलं तर 'बर्तीनि अंत हेळिदा'. अर्थ चारही वाक्यांचा एकच: 'मी येतो' असं त्यानं सांगितलं.

आता या वाक्यांची शिवण उसवून बघू. 'मनून' आलं 'म्हणणे'पासून. 'बोलके' आलं 'बोलना'पासून. तेलुगू 'अनि' आणि कन्नड 'अंत' ही रूपंही 'म्हणणे' याच अर्थाच्या क्रियापदांची. म्हणजे चौघींनीही निरोप आधी ठेवला, त्याच्यामागे 'म्हणणे'चं एक रूप जोडलं आणि मग 'सांगितलं' आणलं. दिल्ली-लखनौची हिंदी-उर्दू असं करत नाही. तिथे 'उसने कहा कि मैं आता हूँ' असा 'कि' लावून निरोप मागाहून येतो. दखनी ही त्या हिंदी-उर्दूची सख्खी, पण वाक्य जोडण्याच्या बाबतीत तिचं वळण शेजारच्या तेलुगूचं आहे.

यातली गंमत अशी की या चार भाषा एका कुळातल्या नाहीत. मराठी आणि दखनी आर्य कुळातल्या, तेलुगू आणि कन्नड द्राविडी. मग हे साम्य आलं कुठून? शेजारामुळे, असं उत्तर चटकन सुचतं. पण तुर्की भाषेतही 'दिये' नावाचा शब्द नेमकं हेच काम करतो आणि तोसुद्धा 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदापासूनच बनलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेतही तसंच. त्यांचा आणि देगलूरचा शेजार कधीच नव्हता. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जगभरच्या भाषा शेजारी-शेजारी ठेवून त्यांची रचना तपासणारे अभ्यासक जन्मभर ज्याच्यामागे असतात, तो हाच प्रश्न: दोन भाषा एकसारख्या का वागतात?

साम्याची कारणं

मोटामोटी चार कारणं निघतात. दोन्ही भाषा एकाच आईच्या लेकी असतील. दोघी एका गावात राहून एकमेकींचं उचलत असतील. किंवा माणसाचं मन आणि बोलण्याची गरज सगळीकडे सारखी असल्यामुळे दोघी स्वतंत्रपणे एकाच वाटेनं गेल्या असतील. चौथं कारण निव्वळ योगायोग. या चारांना एकमेकांपासून वेगळं काढणं हाच या संशोधनातला अवघड भाग आहे.

नात्याची परीक्षा सगळ्यात जुनी. १७८६ मध्ये विल्यम जोन्सनं कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. ते पुष्कळांना माहीत असतं. त्यानंतर तीस वर्षांनी, १८१६ मध्ये, मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिसनं तेलुगू संस्कृतपासून निघालेली नाही, ती तमिळ-कन्नडांच्या वेगळ्या कुळातली आहे हे दाखवलं, त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. हे त्यानं कसं ओळखलं असेल? शब्द सारखे दिसतात एवढ्यावर नातं ठरत नाही, कारण शब्द उसने घेता येतात. मराठीत 'वकील', 'दुकान', 'जमीन' आहेत म्हणून मराठी काही अरबी-फारसीची लेक होत नाही. नातं ठरतं ते फरकातल्या शिस्तीवर.

तेलुगू आणि कन्नडच घ्या. तेलुगूत दूध म्हणजे 'पालु', कन्नडात 'हालु'. वाघ 'पुलि', तिकडे 'हुलि'. धूर 'पोग', तिकडे 'होगे'. इथे जिथे 'प', तिथे तिकडे 'ह', आणि हे रोजच्या घरगुती शब्दांत पुन्हा पुन्हा घडतं. शब्द तंतोतंत सारखे असते तर उसनवारीचा संशय आला असता. ते ठरलेल्या नियमानं वेगळे आहेत, म्हणून नातं पक्कं. जुन्या कन्नडात तिथे 'प'च होता, पुढे त्याचा 'ह' झाला, हे जुन्या शिलालेखांतून दिसतंच. सीमेवरच्या शाळेतल्या पोरांना दोन्ही भाषा येत असतील तर असे शब्द ती स्वतः गोळा करू शकतात. भाषाविज्ञानाचा पहिला धडा यापेक्षा चांगला दुसरा मिळणार नाही.

शेजाराची गोष्ट वेगळी. शेजारी शब्द घेतातच, पण पिढ्यानपिढ्या एका पेठेत, एका शिवारात दोन-तीन भाषा बोलल्या गेल्या की वाक्याची घडणही एकीतून दुसरीत जाते. मुरे एमेनो या अभ्यासकानं १९५६ मध्ये 'भारत: एक भाषिक क्षेत्र' अशा आशयाचा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं होतं की भारतातल्या आर्य, द्राविडी आणि मुंडा कुळांच्या भाषा मुळात वेगळ्या असूनही इतका काळ एकत्र राहिल्या की कित्येक खोड्या त्यांच्यात समाईक झाल्या. त्यातली एक आपण रोज तोंडात घेतो. 'मला तेलुगू येतं.' यात तेलुगू जाणणारा मी असूनही 'मी' नाही, 'मला' आहे, आणि क्रियापद 'येणे' आहे. तेलुगूत तेच: 'नाकु तेलुगु वच्चु', शब्दशः 'मला तेलुगू येतं'. कन्नडात 'ननगे कन्नड बरुत्तदे'. दखनीत 'मेरेकु तेलुगू आती'. भूक, ताप, झोप, आठवण, लाज, सगळं आपल्याकडे माणसाला 'येतं' किंवा 'लागतं', माणूस ते करत नाही. युरोपच्या बऱ्याच भाषांत माणूस 'भुकेला असतो' किंवा त्याच्याकडे 'भूक असते'. आपल्याला आपली रचना स्वाभाविक वाटते ती केवळ सवयीनं. दुसरी भाषा शेजारी ठेवेपर्यंत आपल्याच भाषेतली खास गोष्ट आपल्याला दिसत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

शेजारानं भाषा किती जवळ येतात याचं जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू यांवर निबंध छापला. त्यातलं एक वाक्य जगभरच्या वर्गांत फळ्यावर लिहिलं जातं. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो'. कुपवाडच्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कुपवाडच्या कन्नडात 'तपला जरा खोडि तगोंडि बैन'. तीनही वाक्यांत तुकड्याला तुकडा जुळतो. एका भाषेतला शब्द उचलून त्या जागी दुसऱ्या भाषेतला ठेवला की वाक्य तयार. शब्द मात्र ज्याचे त्यानं जपले, कारण घरातली भाषा ही कोण कुणाचा याची खूण होती. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी पुढे त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला, तोवर भाषावार राज्यरचना होऊन बरीच वर्षं झाली होती आणि शाळा-कचेऱ्यांतून मराठीचं वजन वाढलेलं होतं. राज्याची रेघ कुठे ओढली जाते यावर घरातल्या वाक्याची घडण बदलते, हे त्यातून कळतं. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, उच्च शिक्षण आणि दरबारचा कारभार उर्दूत होता आणि तेलुगू, कन्नड, मराठी मुलूख एका छत्राखाली होते. हा सगळा इतिहास इथल्या बोलींत मुरलेला आहे, आणि कुपवाडवर झालं तसं बारीक काम देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, उमरगा या पट्ट्यावर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दहा भाषा म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

तिसरं कारण, माणसाच्या मनाचं. १९६३ मध्ये जोसेफ ग्रीनबर्गनं एक निबंध छापला. त्यानं जगभरच्या ३० भाषा घेतल्या आणि त्यांवरून ४५ सर्वसामान्य विधानं मांडली. त्यातलं एक आपल्या कामाचं आहे. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्या भाषांत जागा-दिशा सांगणारे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागे येतात. मराठी याचं चोख उदाहरण: 'तो झाडाखाली बसला'. 'बसला' शेवटी, 'खाली' हे 'झाडा'च्या मागे. इंग्रजीत क्रियापद मधे आणि 'खाली' झाडाच्या आधी. तेलुगू, कन्नड, जपानी, तुर्की या मराठीच्या बाजूला. फारसी मात्र फुटून निघते: क्रियापद शेवटी, पण असे शब्द नामाच्या आधी.

यावर कुणीही शंका घेईल की ३० भाषांवरून ७,००० भाषांबद्दल बोलायचं कसं? शंका रास्त आहे, पण खरी अडचण संख्येची नसून निवडीची आहे. मतदानाआधी गावाचा कल जाणून घ्यायला निघालात आणि दहाही माणसं एकाच वाड्यातली गाठलीत, तर हाती दहा मतं लागली असं वाटतं, खरं तर एकच लागलेलं असतं. मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी, बंगाली या पाचही भाषांत क्रियापद शेवटी आहे हा पाच वेगळ्या साक्षीदारांचा पुरावा नाही, तो एका घराचा वारसा आहे. शेजारालाही हेच लागू: मराठी आणि तेलुगूच्या साम्यावरून 'माणसाचं मनच असं' म्हणता येत नाही, कारण त्या दोघी दीड-दोन हजार वर्षं एकमेकींच्या अंगणात आहेत. म्हणून नमुना निवडताना कुळंही वेगळी आणि मुलूखही लांबचे घ्यावे लागतात.

२००५ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या पुढाकारानं भाषारचनांचा एक जागतिक नकाशासंग्रह निघाला. तो आता इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यातल्या वाक्यक्रमाच्या नकाशावर १,३७७ भाषा आहेत. 'कर्ता-कर्म-क्रियापद' हा आपला क्रम त्यातल्या साडेपाचशेहून अधिक भाषांत आढळतो, म्हणजे जगात सगळ्यात जास्त आढळणारा क्रम आपलाच. इंग्रजीचा क्रम त्याच्या खालोखाल. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरांना मराठीचा क्रम 'उलटा' वाटतो, त्यांना हा नकाशा एकदा जरूर दाखवा.

वाद अजून मिटलेला नाही. २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात चार मोठ्या भाषाकुळांची वंशावळ मांडून असं दाखवलं गेलं की ग्रीनबर्गनं पाहिलेली बरीच नाती सगळ्या कुळांत सारखी चालत नाहीत, प्रत्येक कुळाची चाल आपापली असते. या अभ्यासाच्या पद्धतीवर लगेच दुसऱ्यांनी आक्षेप घेतले. सांगायचं कारण इतकंच, की 'जगातल्या सर्व भाषांत असं असतं' असं वाक्य कुठे वाचलंत तर किती भाषा पाहिल्या आणि त्या कुठल्या कुळांतल्या, हे आधी विचारा. लहान मुलं भाषा कशी शिकतात यावरच्या चार प्रमुख नियतकालिकांचा आढावा इव्हन किड आणि रोवेना गार्सिया यांनी २०२२ मध्ये घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या लेखांत मिळून सुमारे १०३ भाषा निघाल्या, जगातल्या भाषांच्या दीड टक्का. मूल भाषा कसं शिकतं याबद्दलचं आपलं ज्ञान एवढ्यावर उभं आहे.

'म्या भाकर खाल्ली'

आता जरा खोलात जाऊ, कारण इथे मराठवाड्याच्या बोलीत एक ठेवा आहे.

'मी आलो', 'मी आले'. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलतं. पण 'मी भाकर खाल्ली', 'मी आंबा खाल्ला', 'मी केळं खाल्लं'. इथे खाणारा मीच, तरी क्रियापद भाकरीकडे, आंब्याकडे, केळ्याकडे बघून बदलतं. 'त्यानं भाकर खाल्ली' म्हणताना तर कर्त्याला 'नं' चिकटतं. तेलुगूत असं काही नाही: 'नेनु रोट्टे तिन्नानु', क्रियापद 'मी'शीच बांधलेलं. कन्नडात 'नानु रोट्टि तिंदे', तेच. दखनीत 'मैं रोटी खाया', म्हणजे 'ने' गेलं आणि क्रियापदानंही रोटीकडे पाहणं सोडलं, उत्तरेकडे मात्र 'मैंने रोटी खाई' टिकून आहे. एकच साधं वाक्य विचारलं तर मराठवाड्याच्या चार भाषांत सीमा कुठून जाते ते असं दिसतं.

ज्या भाषा 'आलो' आणि 'खाल्ली' या दोन प्रकारच्या क्रियांतल्या कर्त्याला वेगळी वागणूक देतात, त्या जगात विखुरलेल्या आहेत: स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क, कॉकेशसमधली जॉर्जियन, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कित्येक भाषा. त्यातली क्वीन्सलंडची दिरबल भाषा रॉबर्ट डिक्सननं १९७२ मध्ये व्याकरण छापून जगापुढे आणली. दिरबलमध्ये नामांना आपल्या 'नं'सारखा प्रत्यय लागतो, पण 'मी' आणि 'तू' यांना लागत नाही. प्रमाण मराठीत काय आहे? 'त्यानं खाल्लं', 'गणपानं खाल्लं', पण 'मी खाल्लं', 'तू खाल्लंस'. बोलणारा आणि ऐकणारा मोकळे, बाकी सगळ्यांना 'नं'. लातूर आणि क्वीन्सलंड यांच्यात ना नातं, ना शेजार. मायकेल सिल्व्हरस्टीननं १९७६ मध्ये यामागची एक उतरंड मांडली. तिच्या वरच्या टोकाला 'मी-तू', मग 'तो-ती', मग माणसं, प्राणी, वस्तू. करणारा म्हणून 'मी-तू' आपण गृहीतच धरतो, त्यांच्यावर 'हा करणारा आहे' अशी खूण लावायची गरज कमी. दगडानं काच फोडली तर दगडावर खूण हवीच. भाषेत रेघ पडते ती बहुधा या उतरंडीवर कुठेतरी पडते, आणि मराठी-दिरबल दोघींची रेघ एकाच जागी पडली आहे.

पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मी आलो' आणि 'म्या भाकर खाल्ली' असा भेद ऐकू येतो. 'म्या'. शाळेत हा शब्द मास्तर खोडून टाकतात, अडाणी म्हणून हसतात. तो चुकीचा नाही. जुन्या मराठीत 'मियां' आणि 'तुवां' अशी करणाऱ्याची वेगळी रूपं होतीच, ज्ञानेश्वरी उघडून पाहा. प्रमाण मराठीनं ती टाकली, म्हणून 'मी' मोकळा झाला. जिथे 'म्या' टिकलं आहे, तिथे रेघ एक पायरी वर आहे. म्हणजे सिल्व्हरस्टीनच्या उतरंडीवरच्या दोन वेगवेगळ्या पायऱ्या एकाच भाषेत, एकाच घरात, आजी आणि नात यांच्या बोलण्यात जिवंत सापडू शकतात. यासाठी अभ्यासकांना एरवी हजार वर्षांच्या पोथ्या चाळाव्या लागतात. ज्या बोलीला आपण लाजतो ती या शास्त्रासाठी पुरावा आहे, आणि तो पुरावा दर पिढीला कमी होतो आहे.

पुरावा गोळा कसा करायचा

जॉर्ज ग्रिअर्सनची भारतीय भाषांची पाहणी प्रचंड होती. १९०३ ते १९२८ या काळात तिचे खंड निघाले, मराठीचा सातवा खंड १९०५ चा. प्रत्येक बोलीत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतर करून घ्यायची, अशी त्याची रीत. दोष उघड आहे: भाषांतर करणारा माणूस समोरच्या मजकुराच्या साच्यात बोलतो, आणि बहुतेक वेळा तो गावातला शिकलेला माणूस असतो. पण मराठवाड्याच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मद्रास, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान हे मुलूख त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. आपण हैदराबादेत होतो. पुढे १९६० च्या दशकात अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला सुरू केली, तीही मुख्यतः कुडाळपासून दक्षिण कॅनरापर्यंतच्या किनारपट्टीवर रमली. गेल्या काही वर्षांत डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन बोलींचं नवं सर्वेक्षण केलं, त्यात मराठवाड्याची गावंही आली. हे काम फार मोलाचं आहे.

नव्या पाहणीत भाषांतर टाळतात. का टाळतात ते मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळेल. गावात पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, 'तुमच्याकडे काय करूलालास म्हणतात का?' तर उत्तर येतं, 'नाही हो, काय करत आहेस म्हणतात.' आणि तोच माणूस मागे वळून पोराला ओरडतो, 'तिथं काय करूलालास रे?' विल्यम लबॉव्ह या भाषा-अभ्यासकानं याला 'निरीक्षकाचा पेच' असं नाव दिलं: कुणी पाहत नसताना माणूस कसा बोलतो ते हवं असतं, पण ते मिळवायला पाहावंच लागतं. त्यावरचा एक इलाज म्हणजे शब्द न वापरता विचारणं. १९७५ मध्ये वॉलेस चेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्कलीत सहा मिनिटांची एक फिल्म बनवली. तिच्यात कुणी एक शब्द बोलत नाही. एक माणूस नासपती तोडतो, एक पोरगा टोपली पळवतो, सायकलवरून पडतो, असं काही घडतं. ती दाखवायची आणि म्हणायचं, आता ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगा काय झालं. सांगणारा गोष्टीत गुंगतो आणि 'शुद्ध' बोलायचं विसरतो.

दुसऱ्या एका अभ्यासात कापणं, फाडणं, फोडणं असल्या कृतींच्या ६१ छोट्या चित्रफिती २८ भाषांच्या लोकांना दाखवल्या गेल्या. त्यात हिंदी आणि तमिळ होत्या. असीफा माजिद, मेलिसा बोवरमन आणि सहकाऱ्यांना दिसलं की क्रियापदं किती आणि कुठली हे भाषेगणिक बदलतं, पण एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे महत्त्वाची ठरते: वस्तू कुठून तुटणार हे करणाऱ्याच्या हातात किती आहे. सुरीनं कापताना ते नेमकं ठरलेलं, हातोडा हाणताना नाही. मराठी या कामाला किती श्रीमंत आहे पाहा. भाजी चिरतात, भाकर मोडतात, ऊस तोडतात, लाकूड फोडतात, कापड फाडतात, शेंगेचा दाणा फोडून काढतात, भाजीचा शेंडा खुडतात, ज्वारीची कणसं मोडतात. यातलं कुठलं क्रियापद कशाला चालतं आणि कशाला चालत नाही, याची यादी शहरातल्या शब्दकोशात मिळणार नाही. कणसं मोडायला जाणारी बाई ती न अडखळता सांगेल. बीडच्या ऊसतोड कुटुंबांची पोरं अर्धं वर्ष पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात काढतात. त्यांच्या बोलीचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे.

मिळालेलं बोलणं मग तीन ओळींत लिहितात. वरच्या ओळीत जसं ऐकलं तसं: 'म्या भाकर खाल्ली'. त्याखाली तुकड्यांचा हिशोब: मी-कर्ता, भाकर-स्त्रीलिंग, खा-भूतकाळ-स्त्रीलिंग. त्याखाली अर्थ. मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच मराठीचा गंध नसलेल्या टोकियोतल्या किंवा नैरोबीतल्या अभ्यासकाला क्रियापद भाकरीशी जुळलं आहे हे दिसतं. जगभर ही पद्धत लाइपझिग शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी चालते.

निलंग्याचा माणूस आणि कोलामी

या सगळ्यात मराठवाड्याचा माणूस कुठे आहे, असं कुणी विचारलं तर एक नाव अभिमानानं घ्यावं: सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. जन्म निलंग्याचा, नोकरी हैदराबाद संस्थानात. त्या काळात त्यांनी गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषांची व्याकरणं लिहिली, कोलामीचं १९५० मध्ये निघालं. मुरे एमेनोचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ चं, त्याची मुख्य सामग्री वर्ध्याकडची, आणि आदिलाबादकडच्या कोलामीसाठी पगडींचं काम आधाराला. बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश उघडला तर कोलामीच्या कित्येक शब्दांपुढे कंसात 'एस. आर.' अशी खूण दिसते. ते 'सेतुमाधव राव'. जगातल्या प्रत्येक द्राविडी अभ्यासकाच्या टेबलावर असलेल्या ग्रंथात निलंग्याच्या माणसाचं काम असं ओळीओळीत बसलेलं आहे, आणि आपल्या शाळांत त्याचा उल्लेखही होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

किनवट-माहूरच्या डोंगरात कोलामी आणि गोंडी आजही बोलल्या जातात. शेजारीच बंजारा तांडे आहेत आणि त्यांची गोरमाटी ही राजस्थानी भाषांच्या जवळची, आर्य कुळातली. गोरमाटीचं विशेष असं की तांडे महाराष्ट्रात आहेत, तेलंगणात आहेत, कर्नाटकातही आहेत. एकच भाषा तीन वेगळ्या शेजारांत राहते आहे. शेजारामुळे काय बदलतं आणि शेजार बदलला तरी काय बदलत नाही, हे तपासायला याहून चांगली संधी प्रयोगशाळेत तयार करता येणार नाही. मुखेडचा तांडा, आदिलाबादचा तांडा, बीदरचा तांडा, तिघांना तीच मुकी फिल्म दाखवली आणि 'आम्ही' व 'आपण' यांत ते फरक करतात का एवढं पाहिलं, तरी एका प्रबंधाचं काम आहे. मराठी हा फरक करते, तेलुगूही 'मेमु' आणि 'मनमु' असा करते, कन्नड मात्र दोन्हीला 'नावु' म्हणते. म्हणजे तीन शेजारांत उत्तर वेगळं यायला वाव आहे.

नांदेड, संभाजीनगरच्या विद्यापीठांत मराठी, हिंदी, उर्दू घेऊन एम. ए. करणाऱ्या मुला-मुलींनी हे काम हाती घ्यावं. ज्यांच्या घरात दोन भाषा आहेत त्यांनी तर नक्कीच. साधा मोबाईल पुरतो, फक्त फाईल दाबून लहान करणारी सोय बंद ठेवा, पंख्याखाली बसू नका आणि कुठलाही शब्द 'सुधारून' लिहू नका. बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्या आणि तीही त्याच्या भाषेत, रेकॉर्डवरच. वय, गाव, लहानपण कुठे गेलं, शाळा कुठल्या माध्यमाची, लग्न होऊन कुठून कुठे आली, घरात आणखी कोण काय बोलतं, हे सगळं त्याच दिवशी वहीत उतरवा. ही वही नसेल तर वीस वर्षांनी रेकॉर्डिंग कुणाच्या कामाचं उरत नाही. नाव मात्र वेगळ्या कागदावर ठेवा, आणि ते छापायचं की नाही हे बोलणाऱ्यालाच ठरवू द्या.